मानेतील खोल गाठींची शस्त्रक्रिया : उपद्रवांच्या नोंदींचा इतिहास

प्रस्तावना

मान हा मानवी शरीरातील अत्यंत अरुंद आणि तितकाच गजबजलेला प्रदेश होय. श्वासनाल, अन्ननाल, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या ग्रीवा रोहिण्या, ते रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीला, आवाज, गिळणे, जिभेची व खांद्याची हालचाल यांचे नियमन करणाऱ्या तंत्रिका, अवटू ग्रंथी आणि लसीका ग्रंथींच्या साखळ्या, हे सारे येथे एकमेकांना चिकटून असते. त्वचेलगतची गाठ काढणे सोपे असते. स्नायूंच्या थराखाली, रोहिणीला बिलगून किंवा कवटीच्या तळापर्यंत पोहोचलेली गाठ काढताना मात्र गाठीपेक्षा तिच्या शेजाऱ्यांचीच चिंता अधिक असते.

वैद्यकाचे इतिहासलेखन बहुधा यशस्वी शस्त्रक्रियांच्या तारखांभोवती फिरते. अमुक शल्यचिकित्सकाने अमुक साली प्रथमच अमुक गाठ काढली, एवढे सांगून ते पुढे जाते. प्रस्तुत निबंधाचा रोख वेगळा आहे. मानेच्या शस्त्रक्रियेची वाट मुख्यतः उपद्रवांनी आखून दिली, आणि तीही केवळ उपद्रव घडल्यामुळे नव्हे. रुग्ण घरी गेल्यानंतर त्याचे काय झाले याची कोणीतरी चौकशी केली व जे आढळले ते छापले, म्हणून ती वाट सापडली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

मानेच्या धोक्याची जाणीव अर्थातच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानेतील मर्मे सांगितली असून त्यांपैकी नीला व मन्या यांना इजा झाल्यास मुकेपणा, आवाजातील विकृती आणि चव न कळणे, तर मातृका या सिरांना इजा झाल्यास तत्काळ मृत्यू असे परिणाम दिले आहेत. निरीक्षण म्हणून हे विलक्षण आहे. परंतु तेथून आधुनिक शस्त्रक्रियेपर्यंत अखंड परंपरा दाखविण्याचा मोह टाळलेला बरा. ‘गलगंड’ आणि ‘गंडमाळा’ हे शब्द आपल्याकडे टिकले. त्यांवर खोलवर शस्त्र चालविण्याची परंपरा टिकली नाही.

बर्न येथील गलगंड

१८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती मांडली. या दोन घटनांच्या दरम्यान, १८६६ मध्ये, अमेरिकेतील नामांकित शल्यचिकित्सक सॅम्युएल ग्रॉस यांनी गलगंड कापून काढण्याच्या कल्पनेला निव्वळ कसाईपणा ठरविले होते. हे विधान भित्रेपणाचे म्हणता येत नाही. थिओडोर बिलरोथ हे १८६० ते १८६७ या काळात झुरिक येथे असताना त्यांनी केलेल्या गलगंडाच्या शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४०% होते. बिलरोथ यांनी ही शस्त्रक्रिया काही वर्षे जवळजवळ सोडून दिली. पुढे व्हिएन्नात जंतुनाशक पद्धतीसह त्यांनी ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ८% च्या आसपास आले.

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात अन्नपाण्यात आयोडीन अत्यल्प असल्याने गलगंड हा तेथील घरोघरचा आजार होता. १८७२ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, थिओडोर कोखर बर्न येथे प्राध्यापक झाले. त्यांचा हात सावकाश चाले, पण अत्यंत नेटका होता. प्रत्येक रक्तवाहिनी आधी बांधायची आणि मगच कापायची, असा त्यांचा शिरस्ता. रक्तस्राव व जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर संपूर्ण अवटू ग्रंथी काढणे त्यांना शक्य झाले. त्या काळी या ग्रंथीचे कार्य कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे ती पूर्ण काढण्यात काही गमावले जाते अशी शंका येण्याचे कारण नव्हते.

१८७४ मध्ये कोखर यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली, मुलगी घरी गेली. रुग्णालयाच्या दप्तरी हे यशच होते. तिला पाठविणाऱ्या डॉक्टरांनी मात्र पुढे कळविले की, पूर्वी हसतीखेळती असलेली ही मुलगी मंद आणि उदास झाली आहे. कोखर यांनी तेव्हा या माहितीचा फारसा पाठपुरावा केला नाही. सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यचिकित्सक झाक-लुई रेव्हर्दँ यांनी, आपल्या काही रुग्णांत संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर असाच बदल दिसतो, असे सांगितले तेव्हा कोखर यांना त्या मुलीची आठवण झाली. त्यांनी आपल्या सर्व जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलाविले. ती मुलगी आली. तिची वाढ खुंटली होती, चेहरा सुजलेला होता आणि धाकटी बहीण उंचीने तिच्यापुढे निघून गेली होती.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथील जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत कोखर यांनी आपल्या १०१ गलगंड शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ३४ रुग्णांपैकी ज्या १८ जणांची पुन्हा तपासणी झाली, त्यांतील १६ जणांना ही अवकळा आली होती. तिचे कारण त्यांना त्या वेळी नीट उमगले नव्हते. श्वासनालेला इजा होऊन श्वसनात सतत अडथळा येत असावा, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. त्याच वर्षी लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी ही अवकळा, प्रौढांमधील मिक्झिडीमा हा आजार आणि जन्मजात खुजेपणा या तिन्हींचे मूळ अवटू ग्रंथीच्या अभावात आहे, असे सुचविले. आधी त्यांची थट्टा झाली, पण १८८८ मध्ये क्लिनिकल सोसायटी ऑफ लंडनच्या समितीने तेच मत ग्राह्य धरले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्णाची प्रकृती सुधारून दाखविली.

कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते या ग्रंथीविषयीच्या कार्याबद्दल. त्यांच्या पुढील हजारो शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले, याचा गौरव सर्वत्र होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मोठी गोष्ट १८८३ चा अहवालच होय. आपल्या सर्वांत नेटक्या शस्त्रक्रियेनेच रुग्णांचे सर्वाधिक नुकसान केले, हे त्यांनी समव्यावसायिकांपुढे आकड्यांनिशी सांगितले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे थांबविले. अर्थात, मुलीच्या डॉक्टरांचा निरोप आणि हा अहवाल यांच्यामधील वर्षांत आणखी किती रुग्ण त्या वाटेने गेले, हा प्रश्न या गौरवाने पुसला जात नाही.

गेंडा, आचके आणि आवाज

बिलरोथ यांच्या रुग्णांत अवकळा क्वचित दिसे. त्यांच्यात हातापायांना आचके येण्याचा टेटनी हा विकार आढळे. याची नोंद त्यांचे साहाय्यक वोल्फ्लर यांनी केली. दोघांचीही शस्त्रक्रिया पाहिलेले अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी या फरकाची उकल दोघांच्या हाताच्या वळणातून केली आहे. कोखर रक्तस्राव न होऊ देता ग्रंथीचा कणन् कण काढत, पण ग्रंथीबाहेरच्या भागाला धक्का लावत नसत. बिलरोथ झपाट्याने काम करीत. त्यात ग्रंथीचा काही अंश मागे राही, मात्र तिच्या पाठीमागे दडलेल्या गव्हाच्या दाण्याएवढ्या परावटू ग्रंथी निघून जात वा निकामी होत.

या परावटू ग्रंथींची कथाही सांगण्यासारखी आहे. त्या प्रथम दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हा गेंडा १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले. माणसातील या ग्रंथींचे वर्णन उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या तरुण संशोधकाने १८८० मध्ये स्वीडिश भाषेत प्रसिद्ध केले. ते जवळजवळ कोणी वाचले नाही. १८९१ मध्ये फ्रान्सच्या ग्ले यांनी या ग्रंथींचे महत्त्व पुन्हा दाखविले आणि १९०७ मध्ये हॉलस्टेड व इव्हान्स यांनी त्यांच्या रक्तपुरवठ्याचा नकाशा मांडला. तेव्हापासून रोहिणी कोठे बांधायची हा प्रश्न केवळ रक्तस्रावाचा राहिला नाही.

स्वरयंत्राकडे उलट वळून जाणारी तंत्रिका दुखावली तर आवाज जातो, हे गेलनला माहीत होते. तरीही शस्त्रक्रियेत तिच्या वाटेला न जाणे, तिला न पाहणे, हाच सुरक्षित मार्ग मानला जाई. १९३८ मध्ये बॉस्टनचे फ्रँक लाहे यांनी याच्या नेमके उलट प्रतिपादन केले : तंत्रिका प्रत्येक वेळी शोधून, डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे, असे केल्याने इजा कमी होते. आज हा नियम इतका सर्वमान्य आहे की, त्यावर एके काळी वाद होता हेही विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

येथे एका प्रचलित आख्यायिकेचा उल्लेख करणे योग्य ठरेल. इटालियन गायिका अमेलिता गॅली-कुर्ची यांच्या गलगंडावर १९३५ मध्ये शिकागो येथे शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्राच्या वरच्या तंत्रिकेला इजा होऊन त्यांचा स्वर्गीय आवाज गेला, असे पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिकित्सक लेखाने या कथेच्या पुराव्यालाच आव्हान दिले. धडा खरा, पण दाखला संशयास्पद, असे हे उदाहरण आहे.

ग्रीवा रोहिणीच्या दुभाजकावरील गाठ

अवटू ग्रंथी तुलनेने उथळ असते. मानेत अधिक खोल, जेथे ग्रीवा रोहिणीचे दोन फाटे होतात, तेथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. त्याचे वर्णन अठराव्या शतकात, १७४३ मध्ये, हालर यांच्या नावाशी जोडले गेले आहे. या पिंडाची गाठ सावकाश वाढते, बहुधा सौम्य असते, आणि रोहिणीच्या दोन्ही फाट्यांना वेलीसारखा विळखा घालते. तिला रक्तपुरवठा इतका असतो की नुसता चाकू लागताच ती वाहू लागते.

१८८० मध्ये रीग्नर यांनी ती काढण्याचा प्रयत्न केला, रुग्ण दगावला. १८८६ मध्ये माइडल यांचा रुग्ण वाचला, परंतु रोहिणी बांधावी लागल्याने त्याला अर्धांगवायू झाला व त्याची वाचा गेली. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड आल्बर्ट यांनी रोहिणी न बांधता गाठ सोडवून काढली. या तीन नोंदींतील दुसरी अधिक बोलकी आहे. गाठ निघाली, रुग्ण जगला, म्हणून ते यश मानायचे काय? गाठ सौम्य असेल तर ती न काढताही रुग्ण बरीच वर्षे बोलता-चालता राहिला असता. शस्त्रक्रियेने जीव वाचतो की आयुष्य हिरावले जाते, हा प्रश्न कर्करोगात जितका तीव्र असतो त्याहून सौम्य गाठीत तीव्र असतो.

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर १९४० मध्ये ब्रिटनचे गॉर्डन-टेलर यांनी दिले. गाठ रोहिणीच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात वाढते. त्या आवरणाखाली एक फिकट पांढरी रेषा दिसते. तिच्या पातळीत राहून काम केले तर रोहिणी न फाडता गाठ सुटते, असे त्यांनी दाखविले. १९७१ मध्ये मेयो क्लिनिकमधील शँब्लिन व सहकाऱ्यांनी, गाठ रोहिणीला कितपत वेढते यावरून तिचे तीन गट पाडले. पहिल्या गटातील गाठ सहज सुटते. तिसऱ्या गटात रोहिणीचा तुकडा कापून तेथे दुसरी वाहिनी जोडण्याची तयारी आधीच ठेवावी लागते. आज ही प्रतवारी शस्त्रक्रियेपूर्वीच्या चित्रणावरून बांधता येते. चाकू हाती घेण्यापूर्वी रुग्णाला अर्धांगवायूच्या संभाव्यतेबद्दल काही निश्चित सांगता येणे, ही माइडल यांच्या रुग्णाला न मिळालेली गोष्ट होय.

हा पिंड रक्तातील प्राणवायूची पातळी ओळखतो, हे माद्रिदच्या फर्नांदो दे कास्त्रो यांनी १९२० च्या दशकात सूक्ष्मरचनेवरून सुचविले. कोर्नेय हेमान्स यांना याच भागातील संवेदनांवरील कार्यासाठी १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शल्यचिकित्सकांना याचा अर्थ निराळ्या रीतीने समजला. दोन्ही बाजूंच्या गाठी काढलेल्या काही रुग्णांचा रक्तदाब पुढे सारखा चढू-उतरू लागला. कारण त्याचा समतोल राखणाऱ्या तंत्रिकाही गाठींबरोबर गेल्या होत्या.

याच प्रदेशाच्या वर, घशाच्या बाजूला कवटीच्या तळापर्यंत जाणारी एक पोकळी आहे. तेथील सुमारे ८०% गाठी सौम्य असतात. तेथे पोहोचण्यासाठी एके काळी जबडा दुभंगण्याचा मार्ग बराच वापरला जाई; आता बहुतेक गाठी मानेतूनच काढल्या जातात. या शस्त्रक्रियेनंतरचा एक उपद्रव मोठा विचित्र आहे. रुग्ण जेवायला बसतो, पहिला घास चावतो आणि कानाखाली तीव्र कळ येते; पुढच्या घासांना ती ओसरत जाते. प्रत्येक जेवणाला पुन्हा तेच. लालापिंडाकडे जाणारा तंत्रिकांचा एक धागा तुटल्याने असे होते. हा उपद्रव मृत्यूच्या कोष्टकात कधीच दिसला नसता. रुग्णाला जेवणाविषयी विचारल्याशिवाय तो कळतच नाही. वयस्कर रुग्णातील सावकाश वाढणारी सौम्य गाठ न काढता तिच्यावर केवळ लक्ष ठेवावे, हा पर्याय आज प्रतिष्ठित झाला, त्यामागे असल्या नोंदींचा वाटा आहे.

समूळ उच्छेदन आणि खांदा

कर्करोगाची गोष्ट निराळी. तोंडातील वा घशातील कर्करोग मानेच्या लसीका ग्रंथींत उतरला की, त्या एकेक करून वेचणे पुरत नाही. सर्व साखळी एकसंध काढावी लागते. हा विचार वॉर्सा येथील याव्दिन्स्की यांनी १८८८ मध्ये पोलिश भाषेत मांडला होता. जगाने तो ऐकला तो मात्र १९०६ मध्ये, क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे इंग्रजीतून लिहिला तेव्हा. सँडस्ट्रॉम स्वीडिशमध्ये, याव्दिन्स्की पोलिशमध्ये. लहान भाषांत लिहिलेल्या ज्ञानाचे काय होते हे मराठी प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेज मार्टिन यांनी १,४५० शस्त्रक्रियांचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. लसीका ग्रंथींबरोबर मानेच्या बाजूचा मोठा स्नायू, आतील ग्रीवा नीला आणि खांद्याच्या स्नायूकडे जाणारी तंत्रिका हे सारे काढलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. तंत्रिका वाचविण्याच्या प्रयत्नाचा त्यांनी निषेधच केला. त्यांचा युक्तिवाद निर्दय नव्हता. रोग परतला तर रुग्ण मरतो, मग खांद्याचे काय घेऊन बसायचे? दोन्ही बाजूंच्या नीला एकदम गेल्या तर चेहरा सुजतो आणि मेंदूवरील दाब वाढतो, हे माहीत होते. जखमेचे तीन टाके जेथे मिळतात तेथे कातडी झडून उघडी पडलेली रोहिणी फुटते, विशेषतः किरणोपचार झालेल्या मानेत, हेही अनुभवाला येई. या शेवटच्या धोक्यावर मॅकफी यांनी १९६० मध्ये दोन समांतर आडव्या छेदांचा साधा उपाय सुचविला. पण खांद्याकडे कोणी फारसे पाहिले नव्हते.

१९६१ मध्ये नाहम व सहकाऱ्यांनी समूळ उच्छेदनानंतरच्या खांद्याच्या दुखण्याचे स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून वर्णन केले : खांदा खाली ओघळतो, हात बाजूने खांद्याच्या वर जात नाही, आणि वेदना कायमची मागे लागते. कारकुनाचे कदाचित यात भागेल. विहिरीचे पाणी शेंदणारी, डोक्यावर भारा उचलणारी किंवा गिरणीत साचा चालविणारी व्यक्ती मात्र कर्करोगातून बरी होऊन उपजीविकेतून बाद होते.

अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये स्पॅनिशमध्ये दाखवून दिले की, लसीका ग्रंथी मानेतील आवरणांच्या आत बंदिस्त असतात. ही आवरणे सोलून काढली तर स्नायू, नीला व तंत्रिका जागेवर ठेवूनही ग्रंथी पूर्ण निघतात. पुन्हा तीच भाषेची कथा. मिलानचे एत्तोरे बोक्का यांनी ही पद्धत आत्मसात केली, १९६७ मध्ये पिन्यातारो यांच्यासह ती इंग्रजीत मांडली, आणि कित्येक ठिकाणी ती बोक्का यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९९० मध्ये मूळचे भारतीय असलेले न्यूयॉर्कचे जतीन शहा यांनी १,११९ समूळ उच्छेदनांच्या तपासणीतून, कोणत्या जागेचा कर्करोग मानेच्या कोणत्या पातळीत उतरतो याचा आराखडा दिला. तोंडाच्या कर्करोगात सुरुवातीला वरच्या तीन पातळ्याच प्रामुख्याने गुंततात. मग सरसकट सारी मान रिकामी करण्याचे कारण उरत नाही.

मुंबईतील चाचणी

तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्यामुळे तोंडाचा कर्करोग हा महाराष्ट्राचा नित्याचा प्रश्न आहे, आणि या इतिहासातील एक निर्णायक प्रकरण मुंबईतच लिहिले गेले. तोंडातील गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काहीही लागत नाही, अशा रुग्णाची मान त्याच वेळी उघडावी की वाट पाहावी? पन्नास वर्षे हा वाद चालू होता. उघडावी म्हटले तर अनेक निरोगी माना विनाकारण कापल्या जातात. वाट पाहावी म्हटले तर रुग्ण पुन्हा वेळेवर येईल याची खात्री नसते.

१९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४ पासून या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक वाटणीची चाचणी झाली. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मान आधीच उघडलेल्या गटात तीन वर्षांनी ८०% रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५%. जगभरच्या उपचारपद्धतीवर या आकड्यांचा परिणाम झाला. त्याच निबंधात आणखी दोन आकडे आहेत, त्यांचा उल्लेख क्वचित होतो : उपद्रवांचे प्रमाण पहिल्या गटात ६.६% आणि दुसऱ्यात ३.६% होते. मार्टिन यांच्या युक्तिवादाला, की जीव आधी आणि खांदा नंतर, येथे काही अंशी दुजोरा मिळाला असे वरवर वाटेल. पण मधल्या साठ वर्षांत शस्त्रक्रियाच बदलली होती. डिक्रूझ यांच्या रुग्णांची मान आधीच उघडताना वरच्या पातळ्यांपुरतेच उच्छेदन होत होते, खांद्याची तंत्रिका कापायची नव्हती. सुआरेझ यांची सोलण्याची रीत हाती नसती तर मान आधीच उघडण्याचा सल्ला इतक्या मोठ्या संख्येने देता आला नसता.

तंत्रिका न कापताही खांदा काही काळ दुबळा होतो. बाजूच्या ग्रंथी काढताना ती ताणली जाते आणि तिचा रक्तपुरवठा घटतो. तिची ताकद बहुधा काही महिन्यांत परत येते, मात्र त्यासाठी व्यायाम चालू राहावा लागतो. विदर्भातून वा मराठवाड्यातून मुंबईला आलेला रुग्ण टाके निघाल्यावर गावी परततो. पुढील तपासणीत गाठ परतली काय हे पाहिले जाते, आणि ते पाहिलेच पाहिजे. हात डोक्यापर्यंत जातो काय, पहिल्या घासाला कळ येते काय, आवाज पूर्वीसारखा आहे काय, हे विचारण्यासाठी मात्र तपासणीच्या कागदावर अनेक ठिकाणी वेगळा रकाना नसतो.